अकरा वाजता कुठे उभं राहायचं?

नमस्कार. आम्ही स्विंडनजवळ राहतो, वीसेक वर्षं झाली. मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. नोव्हेंबरातल्या स्मरण-रविवारी, म्हणजे रिमेम्बरन्स संडेला, त्याच्या गटाने आमच्याच गावात मोर्चा ठरवलाय. गाझात मारल्या गेलेल्या मुलांसाठी पुठ्ठ्याच्या छोट्या शवपेट्या घेऊन युद्धस्मारकापर्यंत यायचं आणि बरोबर अकराला, मौन सुरू होताना, रस्त्यात आडवं पडायचं. माझ्या यजमानांचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. हे दर वर्षी त्यांची पदकं छातीच्या उजव्या बाजूला लावून स्मारकापाशी जातात. मुलाचा बेत कळल्यावर ते म्हणाले, "तू त्या चौधरीच्या टोळीतला झालास." (चौधरी म्हणजे तो जहाल इस्लामी गटाचा म्होरक्या.) मुलगा म्हणाला, "तुम्हाला मेलेले सैनिक दिसतात, मेलेली पोरं दिसत नाहीत." चार दिवस दोघांत बोलणं नाही. आता गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "स्मारक राखायला चला" असा निरोप फिरतोय आणि हे तिकडे जायचं म्हणतात. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा. याच मुलाला तो चार वर्षांचा असताना ह्यांनीच खांद्यावर बसवून, सैनिकांच्या शवपेट्यांना मान द्यायला, वूटन बॅसेटला नेलं होतं. मोर्चावर बंदी येऊ शकते का? आणि मी कुठे उभं राहू?
– एक आई, विल्टशर

ताई,

खांद्यावर बसवून नेल्याची ती ओळ मी दोनदा वाचली. मीही त्या रस्त्यावर उभी राहिलेय, १४ जुलै २००९ ला. अफगाणिस्तानात चोवीस तासांत मारल्या गेलेल्या आठ ब्रिटिश सैनिकांच्या शवपेट्या त्या दिवशी आल्या होत्या. गर्दी हजारोंची, पण चर्चची घंटा सुरू झाली तसा सगळा हाय स्ट्रीट गप्प. माझ्या शेजारच्या दुकानातून एक माणूस अर्धे केस कापलेले, गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं तसंच, असा बाहेर येऊन उभा राहिला. गाड्यांच्या पुढे उंच टोपी घातलेला अंत्यविधीवाला पायी चालत होता. स्मारकापाशी गाड्या थांबल्या आणि घरची माणसं पुढे झाली. त्यांनी टपांवर फुलं ठेवली. एका बाईने फुलं ठेवली नाहीत, नुसता काचेवर हात टेकला. गाडी हलली तरी तिचे पाचही बोटांचे ठसे काचेवर दिसत होते. भाषण नाही, टाळ्या नाहीत. पाच-दहा मिनिटांत सगळं उरकलं आणि तो फडकंवाला माणूस उरलेले केस कापायला आत गेला.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या घरातल्या भांडणात वूटन बॅसेट हे नाव शिवीसारखं आणि ढालीसारखं, दोन्ही तऱ्हांनी वापरलं जातंय. तिथे काय होतं ते आधी नीट आठवू. २००७ मध्ये ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळावर दुरुस्तीचं काम निघालं, म्हणून सैनिकांचे मृतदेह आणणारी विमानं लायनमच्या तळावर उतरू लागली. तिथून ऑक्सफर्डच्या रुग्णालयात जायचा रस्ता या अकरा-एक हजार वस्तीच्या गावातून जात होता, इतकंच. सरकारने काही योजलं नव्हतं. ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे काही म्हातारे सैनिक गाडी जाताना कडेला उभं राहून सलाम करू लागले, मग दुकानदार आले, मग गाव. ऑगस्ट २०११ पर्यंत १६७ वेळा, एकूण ३४५ शवपेट्या. युद्ध बरोबर की चूक हे त्या फुटपाथवर कोणी कोणाला विचारत नसे. इराक युद्धाला शिव्या घालणारेही तिथे उभे असत.

आणि म्हणूनच जानेवारी २०१० मधली ती घोषणा इतकी झोंबली. अंजेम चौधरीच्या 'इस्लाम फोर यूके' या गटाने जाहीर केलं की पाचशे माणसं रिकाम्या शवपेट्या घेऊन त्याच रस्त्यावरून जातील, अफगाणिस्तानात मेलेल्या मुसलमानांसाठी. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी निषेध केला, मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनने केला, फेसबुकवर लाखो लोक विरोधात गोळा झाले. आठवडाभर दुसरी बातमी नव्हती. १० जानेवारीला चौधरीने मोर्चा मागे घेतला आणि १४ पासून सरकारने त्या गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातली.

आता गंमत बघा. त्या मोर्चाचं एक पाऊलही पडलं नाही. पाचशे माणसं त्याच्याकडे होती की नाही, हे तपासायची वेळच आली नाही. एक पत्रक काढलं आणि अख्खा देश त्याच्या मागे धावला. त्याला चालायचं नव्हतंच, त्याला संताप हवा होता, आणि तो आपण सगळ्यांनी घरपोच दिला. मीही दिला. त्या आठवड्यात मी फोनवर किती तावातावाने बोलत होते ते आठवलं की आज हसू येतं.

संतापाचा हा धंदा एका बाजूचा नसतो. त्याच्या आदल्या वर्षी, १० मार्च २००९ ला, लूटनमध्ये इराकहून परतलेल्या रॉयल अँग्लियन पलटणीच्या संचलनात काही जणांनी सैनिकांना खुनी म्हणत घोषणा दिल्या होत्या. पाच जणांना पुढे शिक्षा झाली, तीही सशर्त सुटका आणि खटल्याचा खर्च एवढीच. पण त्या दुपारच्या रागातून इंग्लिश डिफेन्स लीग ही मुसलमानविरोधी संघटना उभी राहिली आणि मग कितीतरी वर्षं त्यांचे मोर्चे मुसलमान वस्त्यांवरून फिरत राहिले. यांच्या चुलीवर त्यांची भाकरी, त्यांच्या चुलीवर यांची. मधल्या मध्ये लूटनमधला जो सामान्य मुसलमान टॅक्सी चालवत होता त्याने मात्र दोन्हीकडचं ऐकून घेतलं.

तेव्हा पहिली गोष्ट यजमानांना. "चौधरीच्या टोळीतला" हे वाक्य त्यांनी मागे घ्यायला हवं, आणि तेही "बरं बाबा, चुकलं" असं पुटपुटून नाही. २०१६ मध्ये आयसिसला पाठिंबा दिल्याबद्दल चौधरी तुरुंगात गेला. २०२४ मध्ये बंदी घातलेली दहशतवादी संघटना चालवल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली, किमान अठ्ठावीस वर्षं. परक्यांच्या मेलेल्या लेकरांसाठी झोप उडालेल्या विशीतल्या पोराला बापाने त्याच्या पंगतीला बसवायचं? तुमच्या मुलाचं गणित चुकलंय, काळीज नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मुलं घरातून जातात आणि मग खरोखरच नको त्यांच्या हाती लागतात.

गणित कुठे चुकलंय ते त्याला सांगायचं काम मात्र टाळू नका. त्याला विचारा, अकरा वाजता फुटपाथवर कोण असेल? शस्त्रविक्रीचे परवाने देणारा मंत्री असेल का? ते खातं लंडनमध्ये आहे. कारखान्याचे मालक असतील का? तिथे असतील लीजनचे सात-आठ म्हातारे, स्काउटची मुलं, गावचा पाद्री, आणि कदाचित २००९ मध्ये काचेवर हात टेकलेली एखादी बाई. आडवं पडून तो यांना काय सांगणार आहे? युद्धात पोर मेलं की काय होतं हे त्या बाईला शिकवायची गरज आहे?

ज्याला ऐकवायचं त्याच्या दारात जावं. त्याला रेज कीझ यांची गोष्ट सांगा. त्यांचा मुलगा टॉम लष्करी पोलिसात होता, जून २००३ मध्ये इराकमध्ये मारला गेला. बापाने कोणाचं स्मारक गाठलं नाही. २००५ च्या निवडणुकीत ते थेट टोनी ब्लेअर यांच्या सेजफील्ड मतदारसंघात अपक्ष उभे राहिले, चार हजारांवर मतं घेतली आणि निकालाच्या रात्री मंचावरून बोलले, तेव्हा पंतप्रधानांना त्यांच्या मागे उभं राहून ते निमूट ऐकावं लागलं. कुठलीही शवपेटी न उचलता केलेला इतका जबर निषेध मी दुसरा पाहिला नाही. किंवा ब्रायन हॉ. हा माणूस जून २००१ पासून जवळजवळ दहा वर्षं पार्लमेंटसमोरच्या चौकात तंबू ठोकून बसला होता. खासदारांना येता-जाता त्याचे फलक बघावे लागत. लोकांनी त्याला वेडा म्हटलं असेल, पण पत्ता चुकला असं कोणी म्हणालं नाही.

मुलगा हुशार असेल तर इथे अडवेल. म्हणेल, म्हणजे स्मारकापाशी निषेध करायचाच नाही? ती काय फक्त सरकारची जागा आहे? बरोबर अडवेल, आणि इथे मी त्याच्या बाजूची आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये माया एव्हान्स नावाची पंचवीस वर्षांची मुलगी एका सोबत्याबरोबर लंडनच्या सेनोटाफपाशी, म्हणजे देशाच्या मुख्य युद्धस्मारकापाशी, उभी राहिली आणि इराकमध्ये मेलेल्या ९७ ब्रिटिश सैनिकांची नावं वाचू लागली. सोबती मिलन राय इराकी नागरिकांची नावं वाचत होता. दोघं माणसं, दोन याद्या. पार्लमेंटच्या आसपास परवानगीशिवाय निदर्शनं करायची नाहीत असा तेव्हा कायदा होता, म्हणून तिला पकडलं आणि दोषीही ठरवलं. तो कायदा पुढे रद्द झाला. मला विचाराल तर त्या दिवशी सेनोटाफचा मान तिच्याइतका कोणी राखला नसेल. जागा तीच, मेलेले तेच, प्रश्नही सरकारलाच. फरक एवढाच की तिने एकाच्या मेलेल्याला दुसऱ्याच्या मेलेल्यावर फेकून मारलं नाही.

पुठ्ठ्याच्या शवपेट्यांचं नेमकं हेच होणार आहे. तुमच्या मुलाच्या मनात नसलं तरी बघणाऱ्याला ते "तुमचे मेले तर बरं, आमच्यांचं बघा" असंच दिसेल. त्यात पुन्हा शवपेटी आणि विल्टशर म्हटलं की लोकांना २०१० आठवणार. फोटो निघेल तो आडव्या पडलेल्या पोरांचा आणि त्यांच्याकडे बघत उभ्या असलेल्या, डोळे भरलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा. गाझातली मुलं त्या फोटोत नसतील. दुसऱ्या दिवशी वाद होईल तो मौनाचा, म्हाताऱ्याचा, आणि तुमच्या मुलाच्या कातडीच्या रंगाचा. नोव्हेंबर २०१० मध्ये मौनाच्या वेळी लंडनमध्ये पॉपी, म्हणजे सैनिकांच्या स्मरणार्थ छातीला लावतात ती लाल फुलं, जाळणाऱ्याला ५० पौंड दंड झाला. तो कोणत्या गोष्टीसाठी जाळत होता हे आज कोणाला विचारा. दंड किती झाला एवढंच लोकांना आठवतं, तोही "इतकाच?" असं म्हणत.

बंदीचं विचारलंत. तोंडावर सांगते, तिच्या मागे लागू नका. मोर्चाची सूचना पोलिसांना पूर्ण सहा दिवस आधी द्यावी लागते. ती दिली गेलीय का एवढं मुलाला जरूर विचारा, कारण ती न देणं हा आयोजकांचा गुन्हा आहे. रस्त्यात आडवं पडणं हाही रस्ता अडवल्याचा गुन्हा ठरू शकतो. पोलिसांना १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्याखाली मार्ग आणि वेळ बदलायला लावता येते, आणि तेच ते बहुधा करतील. संपूर्ण बंदी हवी तर गंभीर दंगा होईल आणि अटी घालूनही तो टळणार नाही असं वाटावं लागतं. मग पोलिसप्रमुख कौन्सिलकडे अर्ज करतात आणि गृहमंत्र्यांची संमती लागते. कोणाचं मन दुखावणं हे त्यात बसत नाही. शिवाय बंदी एका मोर्चावर घालताच येत नाही, सगळ्या मोर्चांवर नाहीतर एका प्रकारच्या सगळ्या मोर्चांवर घालावी लागते. सप्टेंबर २०११ मध्ये इंग्लिश डिफेन्स लीगसाठी पूर्व लंडनच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे पालिका विभागांत, महिनाभर मोर्चे बंद केले तेव्हा त्यांच्या विरोधात निघणाऱ्यांचेही बंद झाले. आणि एवढं करूनही एका जागी उभं राहून केलेली सभा या कलमाने बंद होत नाहीच.

कायदा किती ताणला जातो ते अमेरिकेत बघा. वेस्टबरो बाप्टिस्ट चर्चची माणसं सैनिकांच्या अंत्यविधींपाशी "देवाने मारलं ते बरं झालं" अशा अर्थाचे फलक घेऊन उभी राहत. मॅथ्यू स्नायडर या मरीनच्या वडिलांनी त्यांना कोर्टात खेचलं आणि मार्च २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक मतांनी ते हरले. ती माणसं चर्चपासून हजारेक फुटांवर, पोलिसांनी सांगितलेल्या जागी उभी होती. बापाला त्या दिवशी फलकांचे नुसते वरचे काठ दिसले होते. त्यावर काय लिहिलंय ते संध्याकाळी टीव्हीवर दिसलं. हक्क होता, कोर्टाने तो मान्य केला, आणि तरीही त्या चर्चबद्दल कोणाच्या मनात तसूभर आदर वाढला नाही. "आम्हाला हक्क आहे" हे तुमच्या मुलाचं उत्तर असेल तर त्याला म्हणावं, आहेच. पुढे बोल.

आता पुन्हा यजमानांकडे, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. "स्मारक राखायला चला" हा निरोप मी याआधी पाहिलाय. ११ नोव्हेंबर २०२३ ला लंडनमध्ये पॅलेस्टाइनसाठी मोठा मोर्चा होता. गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन त्याला द्वेषाचा मोर्चा म्हणत होत्या, लंडनच्या मेट पोलिसांचे आयुक्त मार्क रोली म्हणत होते की बंदी घालण्याइतकं कारण कायद्याने दिसत नाही. मोर्चा हाइड पार्कहून नदीपलीकडे अमेरिकन वकिलातीकडे गेला, पोलिसांच्या हिशेबाने तीन लाख माणसं, आणि सेनोटाफच्या आसपासही फिरकला नाही. सेनोटाफपाशी धक्काबुक्की केली ती ते राखायला आलेल्यांनी. मौनाच्या काही मिनिटं आधी त्यांनी पोलिसांचं कडं फोडलं. दिवसभरात शंभराच्या वर अटका झाल्या, त्यातल्या बहुतेक त्यांच्याच. दोन दिवसांनी ब्रेव्हरमनबाईंचं पद गेलं. दगडाला राखणदार लागत नाही हो. तो निरोप लिहिणाऱ्याला तुमच्या यजमानांच्या आजोबांशी काही देणंघेणं नाही, आणि उद्या तीच माणसं तुम्हालाही "परत जा" म्हणायला कमी करणार नाहीत.

त्या आजोबांबद्दल एक विचारते. त्यांची गोष्ट मुलाला कोणी नीट सांगितलीय का? नुसती पदकं नव्हे. त्याच पलटणीचा यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात बावीस वर्षांचा असताना पडला आणि मेल्यावर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. तुमच्या मुलापेक्षा फार मोठा नव्हता. पारतंत्र्यातल्या देशातली ही पोरं दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी इटलीच्या डोंगरात लढली. ते युद्ध पुकारताना हिंदुस्थानात कोणाला विचारलंही नव्हतं. सैनिकासाठी थांबणं म्हणजे युद्धावर शिक्का मारणं नव्हे, हे यजमान स्वतःच्या घराण्यातूनच दाखवू शकतात. लेक्चर नको. पदकं टेबलावर ठेवावीत, पॉलिशची डबी उघडावी आणि एक फडकं त्याच्याही हातात द्यावं.

मुलाकडून काय मागायचं? मोर्चा रद्द कर म्हणू नका, तो नाही करणार आणि करूही नये. वेळ सरकवायला सांगा. स्मारकापाशी पुष्पचक्रं वाहून लोक साडेअकरा-बारापर्यंत पांगतात. एक वाजता या, शवपेट्या घरी ठेवा, कागदावर नावं आणा आणि वाचा. मुलाचं नाव, वय, पुढचं नाव. इंग्लंडमध्ये शांततेसाठी लावायच्या पांढऱ्या पॉपीची रीतही जुनी आहे. को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी ती १९३३ मध्ये सुरू केली, आणि त्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे पहिल्या महायुद्धात गेले होते. पांढऱ्या पॉपींचं चक्र लाल चक्रांच्या शेजारी ठेवा, वर नको. आधी लीजनच्या माणसाला फोन करून सांगा की आम्ही एक वाजता येतोय. तो कुरकुरेल, पण ऐकेल. आणि बहुधा शुक्रवारी खासदारांची भेटीची वेळ असते, तिथे जाऊन शस्त्रविक्रीच्या परवान्यांचं विचारा. तिथे हवं तर आडवं पडा, माझी हरकत नाही.

गट ऐकणार नाही, असंही होऊ शकतं. मग त्याने एकट्याने अकरा वाजता आडवं न पडता कडेला उभं राहावं. आपल्याच माणसांसमोर तसं उभं राहायला आडवं पडण्यापेक्षा जास्त छाती लागते, हे त्याला माझं नाव घेऊन सांगा.

तुम्ही विचारलंत, मी कुठे उभी राहू. अकरा वाजता यजमानांच्या शेजारी, त्यांच्या उजव्या हाताला, जिथे पदकं असतात तिकडे. एक वाजता मुलाच्या शेजारी, आणि यादीतली निदान दहा नावं तुम्ही वाचा. उच्चार आदल्या रात्री त्याच्याकडून शिकून घ्या. यजमान एकपर्यंत थांबतील का ते मी सांगू शकत नाही. थर्मासमध्ये तिघांपुरता चहा न्या.